घरातला अलार्म : तपासावा कसा, बदलावा केव्हा, उतरवावा कसा

घरफोडीच्या अलार्मविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी ‘नवा अलार्म कोणता घ्यावा’ असे विचारणारी पत्रे पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेवली आहेत आणि ज्यांच्या घरी अलार्म आधीपासून बसवलेला आहे, त्यांच्या पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्याच्याकडे अलार्म नाही तो माणूस गावाला जाताना कुलूप दोनदा ओढून पाहतो, शेजाऱ्यांना सांगून जातो. ज्याच्याकडे आहे तो निर्धास्त असतो, आणि तो अलार्म दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेला असेल तर हे त्याला नेमके नको त्या दिवशी कळते. म्हणून या पत्रांना अग्रक्रम दिला.

प्रश्न : आमच्या बंगल्यात सहा वर्षांपूर्वी वायरचा अलार्म बसवला. आजवर एकही तक्रार नाही. पॅनेलवरचा, म्हणजे अलार्मच्या मुख्य नियंत्रण पेटीवरचा, हिरवा दिवा कायम लागलेला असतो. बसवणारे दरवर्षी एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नूतनीकरणासाठी फोन करतात. जे बिघडलेलेच नाही, त्याच्या देखभालीसाठी पैसे का द्यावेत?
– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : हिरवा दिवा एवढेच सांगतो की पॅनेलपर्यंत वीज पोहोचते आहे. वीज गेल्यावर पॅनेल किती वेळ तग धरेल, मागच्या दाराचा सेन्सर अजून काम करतो का, रात्री दोन वाजता आपल्या मुलीच्या मोबाइलवर खरोखर फोन जाईल का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या दिव्यात नाही. सहा वर्षांत बॅटरी बदललेली नसेल, तर ती निकामी झाली आहे असे धरूनच पुढे जावे.

पॅनेलच्या पेटीत तळाशी एक काळी, जड, विटेपेक्षा थोडी लहान बॅटरी उभी केलेली असते. बहुतेक घरांत ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. २५ अंशांच्या आसपासच्या तापमानात ती तीन ते पाच वर्षे साथ देते. त्यापुढे दर १० अंशांच्या वाढीमागे तिचे आयुष्य साधारण निम्मे होत जाते. पॅनेल माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीवरील बंद कपाटात बसवलेले असेल, तर पाच वर्षांचा हिशेब तेथे लागू पडत नाही. यातली फसवी गोष्ट अशी की वीज चालू असताना पॅनेलचा चार्जर बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट राखत असतो, त्यामुळे मीटर लावून पाहिले तर मेलेली बॅटरीसुद्धा ठणठणीत दिसते. तिची खरी परीक्षा भार पडल्यावरच होते.

ती परीक्षा अशी घ्यावी. दिवसाच्या वेळी, शेजाऱ्यांना कल्पना देऊन, पॅनेलचा वीजपुरवठा बंद करावा आणि अलार्म फक्त बॅटरीवर तीन-चार तास चालू ठेवावा. शेवटी एक दार मुद्दाम उघडून हूटर दोन-तीन मिनिटे वाजू द्यावा आणि तो वाजत असतानाच बॅटरीच्या टोकांवर मीटर धरावा. चांगली बॅटरी १२ व्होल्टच्या वर ठाम राहते. आकडा डोळ्यांदेखत घसरत ११ कडे जाऊ लागला किंवा हूटरचा आवाज बसला, तर त्याच आठवड्यात बॅटरी बदलावी. घरगुती अलार्मला शांत असताना साधारण पाव अँपिअर लागतो; म्हणजे ७ अँपिअर-अवरच्या नव्या बॅटरीने हिशेबाने २८ तास आणि प्रत्यक्षात वीसेक तास पुरायला हवे. नवी बॅटरी घेताना तिच्यावरील उत्पादनाचा महिना पाहावा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी न वापरताही अर्धी थकलेली असते. बसवल्याची तारीख मार्करने तिच्या अंगावर लिहून ठेवावी; पुढच्या माणसाला तेवढी एक ओळ फार उपयोगी पडते.

घरात इन्व्हर्टर असला तरी पॅनेलची स्वतःची बॅटरी हवीच. पुष्कळ इमारतींत मीटर आणि मेन स्विच जिन्याखाली किंवा बाहेरच्या पॅसेजमध्ये असतात आणि इन्व्हर्टर घरातल्या ठरावीक सर्किटांनाच वीज देतो. अलार्मचे सर्किट त्यांत आहे की नाही, हे बहुतेकांनी कधी तपासलेलेच नसते.

बॅटरीनंतर सेन्सर. दारावरच्या मॅग्नेटिक सेन्सरमध्ये काचेच्या नळीत दोन बारीक धातुपट्ट्या असतात. चुंबक जवळ असताना त्या एकमेकींना चिकटतात, दार उघडले की सुटतात. कधी कधी त्या कायमच्या चिकटून बसतात. मग दार सताड उघडे असले तरी पॅनेल ते बंदच समजते आणि कोठलाही बिघाड दाखवत नाही. म्हणून दर महिन्याला पॅनेल टेस्ट मोडमध्ये टाकून प्रत्येक दार व प्रत्येक खिडकी एकेक करून उघडून पाहावी. एक दार तपासले म्हणजे सगळी तपासली, असे होत नाही. खोलीतल्या हालचालीच्या सेन्सरसमोरून याच मोडमध्ये चालून जावे आणि त्याचा दिवा लागतो का ते पाहावे. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईनंतर आणि रंगकामानंतर ही तपासणी न चुकता करावी, कारण रंगारी सेन्सरवर रंगाचा हात फिरवून जातात, चुंबक उखडला तर कोठेही चिकटवतात, आणि नवे कपाट नेमके सेन्सरच्या नजरेसमोर येऊन उभे राहते.

आता एएमसीविषयी. मासिक तपासणी आपण स्वतः करू शकता आणि ती स्वतःच करावी. वर्षातून एकदा मात्र पेटी उघडून बॅटरीची भारचाचणी, जोडण्या आवळणे आणि मेमरीतील नोंदी वाचणे ही कामे जाणकाराने करणे बरे. करार करण्यापूर्वी या तिन्ही गोष्टी आणि प्रत्येक झोनची (म्हणजे पॅनेलला स्वतंत्रपणे जोडलेल्या प्रत्येक दाराच्या, खिडकीच्या किंवा खोलीच्या सेन्सरची) चाचणी त्यात लेखी घालून घ्याव्यात. दहा मिनिटांत पॅनेल पुसून सही घेऊन जाणाऱ्या माणसासाठी पैसे देऊ नयेत, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

प्रश्न : चिपळूणजवळ आमचे वडिलोपार्जित घर आहे, आम्ही मुंबईला असतो. पावसाळ्यात अलार्म रात्री-अपरात्री वाजतो, शेजारचे काका उठून जातात आणि कोणीच नसते. आता ते म्हणतात, ‘पावसाळाभर बंदच ठेवा.’ काय करावे?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : काकांचे म्हणणे रास्त आहे, पण बंद घर पावसाळ्यातच सर्वांत एकटे असते. पावसाच्या आवाजात कौले सरकवल्याचेही कोणाला कळत नाही. त्यामुळे अलार्म बंद न ठेवता खोट्या गजराचे मूळ शोधावे, आणि त्याची सुरुवात पॅनेलच्या मेमरीपासून करावी. जवळजवळ प्रत्येक पॅनेलमध्ये गेल्या काही गजरांच्या नोंदी वेळेसह राहतात. त्या न वाचता सगळे सेन्सर बदलणारा तंत्रज्ञ आपला वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवतो.

दरवेळी एकाच दाराचा झोन दिसत असेल, तर दोष बहुधा लाकडाचा आहे. फणसाचे किंवा सागाचे जुने दार आषाढात फुगते, चौकटीत पुरते बसत नाही आणि वाऱ्याच्या झोताने बोटभर मागे-पुढे होते. दारावरचा चुंबक आणि चौकटीवरचा सेन्सर यांच्यात दोन सेंटिमीटरच्या आसपास अंतर चालते. उन्हाळ्यात बसवताना ते दीड सेंटिमीटर ठेवले असेल, तर पावसात ते मर्यादेबाहेर जाणारच. यावर सेन्सर आणखी महाग घेणे हा उपाय नाही. दार रंधून घ्यावे, बिजागऱ्या आवळाव्यात, आणि सेन्सर हाताने दाबून बसवण्याऐवजी पावसाळ्यातल्या दाराच्या स्थितीनुसार पुन्हा बसवावा. लोखंडी सेफ्टी डोअर किंवा सरकता दरवाजा असेल तर लोखंडामुळे चुंबकाचा पल्ला कमी होतो, म्हणून तेथे शटरसाठी मिळणारा जाड, धातूच्या आवरणाचा सेन्सरच वापरावा.

नोंद वेगवेगळ्या झोनची असेल तर वायरींचे जोड पाहावेत. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडात कोकणातली खारट दमट हवा शिरते आणि एक-दोन पावसाळ्यांत तांब्यावर हिरवट थर चढतो. मग विद्युतरोध वाढतो आणि पॅनेलला वाटते, दार उघडले. असे जोड सोल्डर करून घ्यावेत किंवा टेलिफोनच्या कामात वापरतात ते जेली भरलेले कनेक्टर लावावेत.

आणि खोलीतला हालचालीचा सेन्सर वाजत असेल तर तो उघडून आत पाहावे. हा सेन्सर शरीरातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांतील बदल टिपतो. समोरचा पांढरा, खाचांचा पडदा त्या किरणांना आतल्या छोट्याशा चकतीवर केंद्रित करतो. वायर येण्यासाठी मागच्या बाजूला जी भोके पाडलेली असतात त्यांतून पावसाळ्यात मुंग्या, कोळी आणि पालीची पिल्ले ऊब शोधत आत शिरतात. बोटभर अंतरावरून चालणारे पालीचे पिल्लू त्या चकतीला खोलीच्या टोकाकडून येणाऱ्या माणसाएवढे दिसते. सेन्सर स्वच्छ करून ती भोके सिलिकॉनने बुजवावीत. हा उपाय एवढा स्वस्त आहे की मी तो नव्या जोडणीतही पहिल्याच दिवशी करायला सांगतो.

तोवर काकांची झोप सांभाळण्यासाठी त्रास देणारा एकच झोन तात्पुरता बायपास करावा, म्हणजे तेवढाच वगळून बाकीचे चालू ठेवावेत, आणि हूटरची मुदत तीन मिनिटांवर आणावी. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबलची मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत आहे, आणि हूटर तर शंभरीच्या पुढे असतो. नियमाइतकीच शेजाऱ्यांची सहनशक्तीही महत्त्वाची आहे. दहा वेळा फसलेला शेजारी अकराव्या वेळी उठत नाही, आणि बंद घराच्या अलार्मला शेजारी हाच खरा आधार असतो.

प्रश्न : मे महिन्यात घर बंद होते. परतल्यावर आम्ही दिवाणखान्यात फिरलो तरी सेन्सर लागला नाही. संध्याकाळी मात्र व्यवस्थित चालला. सेन्सर बिघडला आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बिघडलेला नाही, उन्हाने आंधळा झाला होता. हा सेन्सर माणूस आणि त्याच्या मागची भिंत यांच्या तापमानातील फरक पाहतो. बंद खोलीतल्या भिंती ३४-३५ अंशांवर गेल्या की त्वचेत आणि भिंतीत फरकच उरत नाही. चांगल्या सेन्सरमध्ये यासाठी तापमानानुसार संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते; खरेदी करताना ती विचारून घ्यावी. मायक्रोवेव्ह लहरींची जोड असलेला दुहेरी सेन्सर घेतला म्हणजे प्रश्न सुटला असे समजू नये, कारण बहुतेक दुहेरी सेन्सर दोन्ही बाजूंनी होकार मिळाल्याशिवाय गजर देत नाहीत. विदर्भात माझा भर दारे-खिडक्यांवरील मॅग्नेटिक आणि कंपन ओळखणाऱ्या सेन्सरवर असतो. हालचालीचा सेन्सर ही दुसरी फळी.

प्रश्न : आमच्या इमारतीत बिल्डरनेच पंधरा वर्षांपूर्वी प्रत्येक फ्लॅटला वायरचा अलार्म दिला होता. आता जीएसएम डायलर (मोबाइलच्या सिमवरून आपोआप फोन लावणारे उपकरण) फोन लावत नाही. एका विक्रेत्याने सांगितले की सगळे उपटून वाय-फायचा वायरलेस संच बसवा. भिंतीतल्या वायरी आता कालबाह्य झाल्या. हे खरे आहे का?
– एक दांपत्य, ठाणे

उत्तर : वायर कालबाह्य होत नाही. भिंतीच्या आत सुरक्षित राहिलेली वायर ही आपल्या अलार्मची सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे. तिला बॅटरी लागत नाही, आणि तिच्यावरचा संदेश हवेतून अडवताही येत नाही. कालबाह्य झाला आहे तो डायलर. तोही कदाचित नसेल, म्हणून आधी त्यातले सिम पाहावे. रिचार्जची मुदत संपून सिम बंद पडणे हे डायलर मुका होण्याचे सर्वांत साधे कारण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसची स्वतंत्र व्हाउचर ठेवणे बंधनकारक केले आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. अलार्मच्या सिमला डेटा लागत नसेल, तर असे वर्षभराचे व्हाउचर घेऊन त्याची तारीख घरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी. सिम चालू असूनही फोन जात नसेल, तर ते कोणत्या कंपनीचे आहे ते पाहावे. जुने डायलर टू-जीवर चालतात. जिओचे जाळे मुळातच फोर-जी आणि त्यापुढचे आहे, त्यामुळे जिओचे सिम अशा डायलरमध्ये चालतच नाही. थ्री-जीचा डायलर असेल तर एअरटेलने ती सेवा २०२० पर्यंतच गुंडाळली आहे. नवा घ्यायचा तो फोर-जीवरून कॉल करू शकणाराच घ्यावा.

आता वायरी. त्या सुस्थितीत आहेत का, हे अर्ध्या तासात कळते. सेन्सरच्या टोकाला दोन तारा एकमेकींना जोडाव्यात आणि पॅनेलच्या टोकाला मीटर लावून रोध मोजावा. अलार्मच्या नेहमीच्या बारीक केबलचा रोध एका तारेमागे १०० मीटरला साधारण ८ ओहम असतो. म्हणजे फ्लॅटमधल्या २०-३० मीटरच्या वायरीला जाऊन-येऊन चार-पाच ओहमांपेक्षा जास्त यायला नको. मीटरने पन्नास दाखवले तर मध्ये कोठेतरी खराब जोड आहे. नंतर तारा सुट्या करून पुन्हा मोजावे. तेव्हा काहीच दाखवता कामा नये.

पॅनेलची पेटी उघडलीच आहे, तर आणखी एक गोष्ट अवश्य पाहावी. प्रत्येक झोनच्या टर्मिनलमध्ये रंगीत पट्ट्यांचा एक छोटा रेझिस्टर (ठरावीक विद्युतरोध देणारा सुटा भाग) खुपसलेला दिसतो का? दिसत असेल तर तो चुकीच्या जागी आहे. हा रेझिस्टर लाइनच्या शेवटी, म्हणजे सेन्सरच्या आत असायला हवा. तेथे असला की पॅनेलला तीन अवस्था वेगवेगळ्या ओळखता येतात: ठरलेला रोध म्हणजे सगळे ठीक, पूर्ण तुटलेली लाइन म्हणजे दार उघडले किंवा वायर कापली, आणि शून्य रोध म्हणजे कोणीतरी वायरी आपापसांत जोडून सेन्सर निकामी केला. रेझिस्टर पॅनेलमध्येच ठेवला तर ही तिसरी अवस्था पॅनेलला कधीच कळत नाही. घरात दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाला दिवसाढवळ्या दोन तारा पिळून जाता येतात, आणि रात्री अलार्म लावताना सगळे झोन बंद दाखवले जातात. बसवणाऱ्याचे दहा शिड्या चढण्याचे श्रम वाचावेत म्हणून ही चूक सर्रास केली जाते. माझ्या लेखी हा निव्वळ कामचुकारपणा आहे आणि तो खपवून घेऊ नये.

सुधारणा करायचीच तर जुने वायरचे झोन घेणारे आणि नवे वायरलेस सेन्सरही जोडता येणारे हायब्रिड पॅनेल घ्यावे. कीपॅड पॅनेलबरोबर बदलावा लागेल. पंधरा वर्षांचे हालचालीचे सेन्सर बदलावेत. दारांचे मॅग्नेटिक सेन्सर चाचणीत उतरले तर राहू द्यावेत. संदेश जाण्याचे मार्ग दोन ठेवावेत, घरचे ब्रॉडबँड आणि फोर-जी सिम. नुसत्या वाय-फायवर विसंबणारा संच वीज गेली की राउटरबरोबरच गप्प होतो. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस या दृष्टीने सत्कारणी लागतो. मोबाइलवर नुसते नोटिफिकेशन येण्यापेक्षा प्रत्यक्ष फोन येणे केव्हाही चांगले, कारण रात्री बहुतेकांचे मोबाइल सायलेंटवर असतात. डायलरमध्ये ११२ हा आपत्कालीन क्रमांक भरून ठेवू नये. ध्वनिमुद्रित संदेश खोट्या गजराने ती लाइन अडवतो आणि पलीकडच्या प्रश्नांना उत्तरही देऊ शकत नाही. चार-पाच जवळच्या माणसांचे क्रमांक भरावेत. त्यांतल्या कोणी खातरजमा करून ११२ ला फोन करावा.

वायरलेस सेन्सर घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत: रिमोटचा संकेत दरवेळी बदलतो का, आणि सेन्सर ठरावीक वेळाने पॅनेलकडे आपली हजेरी लावतो का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर रिमोटची नक्कल करता येते. दुसऱ्याचे ‘नाही’ असेल तर सेल संपलेला सेन्सर आणि शांत असलेला सेन्सर यांतला फरक आपल्याला कधीच समजणार नाही.

प्रश्न : भाऊ अमेरिकेतून येताना तिथला वायरलेस अलार्म आणणार आहे. चालेल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : त्याला न आणण्याविषयी आजच कळवावे. विजेचा दाब वेगळा असणे ही अडचण ॲडॉप्टरने सुटते, रेडिओ लहरींची सुटत नाही. झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीवर चालणारी उपकरणे अमेरिकेत ९०८.४२ मेगाहर्ट्झवर बोलतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा पट्टा मोबाइल फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संकेतांसाठी दिलेला आहे. भारतात या उपकरणांसाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा परवानामुक्त पट्टा आहे. तिकडचा संच येथे वापरणे बेकायदेशीर ठरते, आणि मोबाइलच्या गर्दीत तो भरवशाने चालतही नाही.

प्रश्न : पुण्यात वापरलेला फ्लॅट घेतला. अलार्म आणि दोन कॅमेरे तसेच मिळाले. जुन्या मालकांनी कोडही सांगितला. आणखी काही करायला हवे का?
– एक वाचिका, कोथरूड

उत्तर : कोड बदलणे पुरेसे नाही. अलार्म आणि कॅमेरे ज्या ॲपशी जोडलेले आहेत त्याचे मुख्य खाते अजून जुन्या मालकांच्याच नावावर आहे. त्यांची इच्छा नसली तरी आपल्या दिवाणखान्याचे चित्र त्यांच्या फोनवर दिसू शकते. त्यांना आपल्यासमोर बसवून त्यांच्या ॲपमधून उपकरणे काढून टाकायला सांगावे, कारण काही संच जुन्या खात्यातून मोकळे केल्याशिवाय नव्या खात्याला जोडताच येत नाहीत. मग पॅनेल पूर्ण रीसेट करून वापरणाऱ्यांचे कोड, डायलरमधले क्रमांक आणि रिमोट नव्याने भरावेत. बसवणाऱ्याचा वेगळा इंजिनिअर कोड असतो, तोही बदलून घ्यावा. अनेक घरांत तो कारखान्यातून आला तसाच असतो. सिम त्यांच्या नावावर असेल तर ते त्यांना परत करावे. कॅमेऱ्यांतली मेमरी कार्डे त्यांची त्यांना द्यावीत. त्यांत त्यांच्या घरची माणसे आहेत.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकातले घर घेतले. भिंतीवर जुना अलार्म आणि बाहेर उंचावर घंटेची पेटी आहे. कोड कोणालाच माहीत नाही. आम्हाला तो काढून टाकायचा आहे. फ्यूज काढून वायरी कापल्या तर चालेल ना?
– एक वाचक, स्लाव

उत्तर : कृपया तसे करू नका. फ्यूज काढल्यावर आधी काहीच होणार नाही, कारण पॅनेल बॅटरीवर जाईल. वायरी कापल्या की मात्र बाहेरची पेटी वाजू लागेल, आणि ती आपल्या हातून थांबणार नाही. तिकडच्या बहुतेक बाहेरच्या पेट्यांत स्वतःची बॅटरी असते. पॅनेलकडून येणारा विजेचा दाब नाहीसा झाला की कोणीतरी वायर तोडली असे समजून वाजणे, हेच तिचे काम आहे. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या कानाशी शंभराहून अधिक डेसिबलचा आवाज अचानक सुरू झाला तर तो दचकून पडतो. अशा कामातला मोठा धोका विजेपेक्षा हाच आहे.

म्हणून सर्वप्रथम पॅनेलवर किंवा पेटीवर बसवणाऱ्या कंपनीचे नाव आहे का ते पाहावे. ती कंपनी चालू असेल तर घराच्या मालकीचा पुरावा दाखवून त्यांच्याकडूनच काढून घेणे सर्वांत सोपे आणि सुरक्षित. अलार्म देखरेख केंद्राला जोडलेला असेल तर त्यांना आधी कळवून करार लेखी संपवावा. पोलिसांकडे त्याची नोंद असेल तर तीही रद्द करून घ्यावी. टेलिफोनच्या तारेवरून संदेश पाठवणारा जुना संच असेल, तर तो तसाही फार काळ उपयोगाचा नाही, कारण ब्रिटनमधली तांब्याच्या तारांवरची जुनी टेलिफोन सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहे.

कंपनी नसेल आणि इलेक्ट्रिशियनकडून काम करून घ्यायचे असेल, तर क्रम असा ठेवावा. दिवसाची वेळ निवडावी, शेजाऱ्यांना सांगावे, कानांवर इअरमफ घालावेत. पॅनेलला वीज देणारे सर्किट मुख्य बोर्डावर बंद करावे आणि टेस्टरने खात्री करावी. पॅनेलचे झाकण उघडताच आतला भोंगा वाजेल, कारण झाकणाखाली छेडछाड ओळखणारा स्विच असतो. बॅटरीची टोके सोडवली की तो थांबेल, पण त्याच क्षणी बाहेरची पेटी सुरू होईल. तेव्हा एका माणसाने शिडी धरून दुसऱ्याने पेटी उघडून आतली छोटी बॅटरी सोडवावी, किंवा शिडीवर चढण्याची घाई न करता ती आपोआप थांबण्याची वाट पाहावी. तिकडच्या प्रथेनुसार बाहेरची घंटा २० मिनिटांत थांबायला हवी, पण इतक्या जुन्या पेटीच्या बाबतीत ते गृहीत धरू नये. आवाज थांबल्यावरही आतली बॅटरी सोडवल्याशिवाय काम संपले असे समजू नये.

यानंतर पॅनेलकडे येणारी वीज योग्य तऱ्हेने बंदिस्त करणे हे इलेक्ट्रिशियनचेच काम आहे. भिंतीतून निघालेले जिवंत तारेचे टोक नुसते टेप गुंडाळून सोडू नये. सेन्सरच्या बारीक वायरी मात्र उपटू नयेत. टोके वेगवेगळी झाकून, कोणती वायर कोणत्या खोलीची हे लिहून, भिंतीतच राहू द्याव्यात. पुढे कधी नवे पॅनेल लावले तर त्यांचे मोल कळेल. छतावरचा धुराचा सेन्सर याच पॅनेलला जोडलेला असेल तर तो अलार्मबरोबर बंद पडतो, हे विसरू नये. त्याच दिवशी स्वतंत्र बॅटरीवरचा नवा सेन्सर लावावा. बाहेरची रिकामी पेटी दिखाऊ म्हणून ठेवावी का, असे पुष्कळ लोक विचारतात. ठेवायला हरकत नाही, पण आत बॅटरी ठेवू नये.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात आमचे दुकान आणि वरचे घर दोन्ही बंद आहे. अलार्म काढला, जुन्या बॅटऱ्या आणि पॅनेल भंगारात द्यावे का? आणि विम्याचे काही करावे लागते का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अलार्म काढण्यापूर्वीच विचारायला हवे होते आणि अजूनही उशीर झालेला नाही. पॉलिसीचा कागद काढून पाहावा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत मुख्य संरक्षण आग, भूकंप, पूर यांसारख्या घटनांचे आहे. अशा घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी तिच्यात येते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. वडिलांनी दुकानासाठी घरफोडीची स्वतंत्र पॉलिसी घेतली असेल, तर प्रस्ताव अर्जात त्यांनी अलार्म असल्याचे लिहिले असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो चालू स्थितीत ठेवण्याची अट पॉलिसीत असू शकते. अलार्म काढला आणि कळवले नाही, तर उद्याचा दावा नेमका याच मुद्द्यावर अडवला जाईल. त्याचबरोबर, जागा सलग किती दिवस रिकामी राहिलेली चालते याचेही कलम अशा पॉलिसींत असते. आपल्या बाबतीत ते अलार्मपेक्षाही महत्त्वाचे ठरू शकते. दोन्ही गोष्टी विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी.

बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. तिच्यात शिसे आणि गंधकाम्ल असते. शिशासाठी ती हातोड्याने फोडली जाते आणि ते विष फोडणाऱ्याच्या, बहुतेक वेळा त्याच्या मुलांच्याही, अंगात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत मार्गाने देणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. बॅटरीची दोन्ही टोके चिकटपट्टीने झाकून ती बॅटरीच्या दुकानात द्यावी; नवी घेताना जुनीची किंमत वजा करून मिळते, नुसती परत केली तरी बहुतेक दुकानदार थोडेफार पैसे देतात. वायरलेस सेन्सरमधले लिथियमचे सेल वेगळे काढून प्रत्येकाची टोके स्वतंत्रपणे झाकावीत. ते एका डब्यात सुटे पडले तर एकमेकांना भिडून तापतात. पॅनेल, कीपॅड आणि डायलर हा ई-कचरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवा. महापालिकेच्या ई-कचरा संकलनाच्या दिवशी तो देता येईल. देण्यापूर्वी डायलरमधले सिम काढून ते बंद करण्याचा अर्ज करावा. वडिलांच्या नावावरचे सिम असेल तर मृत्यूचा दाखला सोबत न्यावा. पॅनेलही रीसेट करावे, कारण त्याच्या मेमरीत घरच्यांचे फोन क्रमांक आणि आपण सर्वजण वर्षानुवर्षे वापरत आलेला चार आकडी कोड आहे, जो बहुधा एटीएमच्या कार्डालाही तोच ठेवलेला असतो.